प्रेमाच्या टायरांचं गाऱ्हाणं

प्रेमा घाडीला गाडी चालवायचं वेड आहे, हे चारकोपमधल्या तिच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. वय त्रेपन्न, बोरिवलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, आणि खाली पार्किंगमध्ये लालभडक टर्बो सेडान. "या वयात असली गाडी?" असं नवऱ्याच्या बहिणीने विचारलं, तेव्हा प्रेमा म्हणाली, "मग काय सत्तरीत घेऊ?" विषय तिथेच मिटला.

नवरा अनंत शेजारच्या सीटवर बसतो आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत राहतो. त्याचं प्रेमा मनावर घेत नाही. तिला काळजी असते मागे बसणाऱ्या सासऱ्यांची. धाकू घाडी, वय ऐंशीच्या पुढे. सारा जन्म कापडगिरणीत मागाच्या साच्यासमोर उभं राहून गेला, त्यामुळे कंबर कुरकुरते. गाडीत ते एक अक्षर बोलत नाहीत. गप्प बसलेत म्हणजे दुखत असणार, असा प्रेमाने केव्हाच अर्थ लावून टाकला होता. ते मागे असले की ती प्रत्येक वळण बैलगाडीसारखं घ्यायची.

मार्गशीर्षात गावच्या देवीची जत्रा होती. कोल्हापूरमार्गे जायचं, म्हणजे वाटेत फोंडा घाट. आणि गाडीचे टायर तर पार गुळगुळीत झालेले. नवे घ्यायलाच हवे होते. मग आठवडाभर घरात जेवताना टायर, चहाला टायर. प्रेमाचं मन स्पोर्ट टायरवर बसलं होतं. त्यांची बाजू कडक, रबर चिकट. वळणावर गाडी झुकत नाही, रस्ता धरून ठेवते. पण खड्डा आला की तो थेट मणक्यात पोचतो. दुसरे टायर मऊ. त्यांत हादरा बसत नाही, आवाज नाही, आणि मजाही नाही.

"अगं, बाबांची कंबर," अनंत म्हणाला.

"माहितेय रे," प्रेमा म्हणाली, आणि मोबाइलवरचा घाटातल्या गाडीचा व्हिडिओ बंद केला. धाकू खिडकीशी बसून शेंगा सोलत होते.

रविवारी तिघं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या टायरच्या दुकानात गेली. मालक चंद्रप्रकाश मूळचा जौनपूरचा, पण जन्म कांदिवलीतला, मराठी फर्डं. त्याने दोन्ही प्रकारचे टायर बाहेर काढून ठेवले. प्रेमाने स्पोर्ट टायरच्या खाचांवरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ फिरवला, आणि म्हणाली, "ते मऊवाले लावा."

"मॅडम, तुमच्या गाडीला हे झकास बसले असते ना!"

"मऊवाले म्हटलं ना."

आता घाड्यांच्या घरात नवी वस्तू आली की गाऱ्हाणं घालायचं, ही पद्धत. मिक्सर असो की मोटार, देवाला सगळं सांगितल्याशिवाय ती वापरायची नाही. मऊ टायर ओळीने मांडले गेले, त्यांना हळदकुंकू लागलं. धाकूंनी चप्पल काढली, हातात नारळ घेतला, डोळे मिटले. आणि घरात शब्द मोजून बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज असा काही सुटला, की पलीकडच्या गॅरेजमधली दोन माणसं पाना खाली ठेवून आली.

"बा देवा म्हाराजा! आज ही माजी सून प्रेमा गाडयेक नये टायर घालता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रेमा आणि अनंत एका सुरात म्हणाले. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला असा होकार द्यायचाच असतो. त्यासाठी डोकं लागत नाही, तोंडच आपोआप उघडतं.

"गाडी बरी चलांदे, घाटात सांभाळून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आता चंद्रप्रकाशचाही आवाज मिसळला.

"हिच्या मनात ते दुसरे टायर आसत. सासऱ्याच्या कंबरेपायी ही मन मारून नको ते घेता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रेमा खणखणीत आवाजात म्हणाली, आणि मग तिचे डोळे खाडकन उघडले.

धाकूंचे मिटलेलेच होते. "म्हाताऱ्याक कोणी इचारल्यान नाय. म्हातारो गाडयेत गप ऱ्हवता, तो कंबार दुखता म्हणान न्हय. आता तरी गाडी पळात, ह्याची वाट बघीत ऱ्हवता. तर हिची झाली चूक पोटात घाल, आनि हिका व्हये ते टायर घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

आता खरं तर तिने गप्प राहायला हवं होतं. पण पंचवीस वर्षांची सवय! "व्हय म्हाराजा!" तिच्या तोंडून निघून गेलंच, आणि सगळ्यांत मोठ्याने निघालं. गॅरेजवाले टाळ्या वाजवू लागले.

अनंत वैतागला. "अहो बाबा, हे घरी सांगायचं ना!"

"सुनेक तोंडार कसा सांगतलंय?" धाकूंनी डोळे उघडले. "देवाक सांगलंय. तिना आयकला."

प्रेमाला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. आपल्याला काय हवंय ते या घरात कुणीतरी इतकं नीट पाहिलं होतं, आणि ते कोणी, तर ज्यांच्यासाठी ती ते सोडून देत होती त्यांनी! असा आनंद तिला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

"मॅडम, आता?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"आता काय, देवासमोर हो म्हटलंय मी. दोनदा. काढा ते स्पोर्टवाले."

"आणि हे कुंकू लागलेले?"

"पुसून ठेव. पुढल्या गिऱ्हाइकाक पावतले," धाकू म्हणाले.

तासाभराने चारही टायर बसले, नारळ फुटला, गाडी बाहेर पडली. इस्टेटच्या तोंडाशीच एक भलामोठा खड्डा होता. धाड! प्रेमाने वेग कमी केला आणि आरशात पाहिलं. "बाबा, कंबर?"

"कंबार माजी आसा," मागून आवाज आला. "तू वळान बघ."