मेश जरा मोठी कर!

एका ऑफिसात टिकून राहिलं की अनुभवापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमचं रोह्यातलं डिझाइन ऑफिस तीन माणसांचं: साहेब, मी आणि पेणहून येणारी वैशाली. काम म्हणजे कंपन्यांच्या टाक्यांच्या लोखंडी प्लेटा कॉम्प्युटरवर तपासणं. त्यासाठी प्लेटचे चौकोन पाडतात, ती मेश. चौकोन मोठे ठेवले की ताण कमी दिसतो, बारीक केले की खरा आकडा बाहेर येतो. सगळी भांडणं इथलीच!

*

वैशालीच्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, "मेश कुठवर बारीक करशील?"

"उत्तर बदलायचं थांबेपर्यंत, सर."

"इथे क्लायंट थांब म्हणेल तिथे थांबायचं!"

*

एका प्लेटवर लाल डाग आला. लाल म्हणजे ताण जास्त. क्लायंटचा मॅनेजर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "याला हिरवा करता येईल का?"

"प्लेट जाड केली की होईल," वैशाली म्हणाली.

"प्लेट नाय हो मॅडम, मी रंगाचं विचारतोय!"

*

साहेब गणपती आणायला हमरापूरला वैशालीच्या मूर्तिकार मामाकडे गेले, आम्ही दोघंही होतो. मूर्ती फिरवून फिरवून बघितली, तर कानामागे केसाएवढा तडा.

मामा म्हणाला, "मागं हाय साहेब, समोरून नाय दिसत."

साहेब उसळले. "दिसत नाही म्हणून काय झालं? तडा तो तडा!"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी गणपतीकडे.

*

मग ती टाकी आली. छतावर मिक्सरची मोटर, शेजारी पाइपासाठी गोल भोक. वैशालीने भोकाभोवती मेश बारीक केली, आकडा मर्यादेच्या वर गेला.

"प्लेट जाड हवी, सर. नाहीतर मोटरच्या थरथरीने तडकेल."

"मेश जरा मोठी कर."

"नाही करणार, सर."

साहेबांनी तिला खुर्चीवरून उठवलं, स्वतः मेश मोठी केली आणि रिपोर्ट पाठवून दिला.

काही महिन्यांनी प्लेट तडकली, भोकाजवळच. छतावर चढलेल्या फिटरचा पाय मांडीपर्यंत आत गेला, हाड मोडलं. शेजारच्या अष्टमी गावचा माणूस, घरात कमावणारा एकटाच. साहेब फळं घेऊन दवाखान्यात गेले, मला सोबत नेलं.

"हिशोबात चूक झाली रे आमच्या ऑफिसकडून," साहेब कळवळून म्हणाले.

फिटरने मान वळवली. "मंग ज्यानं चूक केली, त्याला काढलात का नाय?"

"काढली ना," साहेब म्हणाले. "कालच काढली."