रुमालाखालचा सौदा

खंडोबावर माझा राग आहे आणि तो मी इथे लपवणार नाही. माळेगावच्या यात्रेत त्याच्यासमोर भंडारा उचलून मी तंबाखू सोडली होती. मी सोडतो, तू सांभाळ, असा सरळ सौदा. माझा शब्द मी पाळला. पुन्हा चिमूटभरही तोंडात टाकली नाही. तरी काही वर्षांनी जिभेच्या कडेला न भरणारी जखम झाली आणि तो कॅन्सर निघाला. बाजारात कुणी माझ्याशी असं वागलं असतं, तर त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता.

मी मुखेडकडचा गुरांचा दलाल. बापाकडून दावंसुद्धा मिळालं नाही. जे उभं केलं ते जिभेवर. लातूरच्या दवाखान्यात तीच जीभ अर्धी कापली. तेही सोसलं. टाके सुकले, बोबडं का होईना बोलू लागलो, तोवर काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, मानेतही काही नाही. पण कॅन्सरच्या पेशी बारीक नसांमध्ये शिरलेल्या दिसतात. अशा वेळी आजार परत येण्याचा, पसरण्याचा धोका वाढतो. म्हणून रेडिएशनचा शेक घ्यावा लागेल."

"निम्मा द्या," मी म्हणालो.

"काका, हा बैलबाजार नाही."

"सगळं स्वच्छ म्हणता अन् वरून शेक?" मी ओरडलो, पण अर्धे शब्द लाळेतच विरले. बाहेरचे लोक वाकून बघू लागले. बायकोनं दंड धरला. "अहो, गप बसा की. त्या काय तुमच्या गिऱ्हाईक हायत का?" मी तिला ओढतच बसस्टँडवर आणलं. मनात देवाला शिव्या चालूच होत्या.

मुखेडची गाडी लागायची होती. एक दाढीवाला म्हातारा शेजारी येऊन बसला.

"दवाखान्यात वरडून राहिलते ते तुमीच ना, सेठ? मी दाराशीच बसलो होतो, बाईंचं समदं ऐकलं. खांद्यावरच्या रुमालावरूनच वळखलं. मी बी दलालच, उदगीरचा. आना हात."

आमच्या धंद्यात भाव तोंडानं फोडत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्यांना काही कळत नाही. त्यानं माझाच रुमाल ओढून आमच्या हातांवर टाकला. "पाच बोटं म्हंजे पुरा शेक. बोला." सवयीनं मी त्याची दोन बोटं दाबली. त्यानं हात झटकला आणि माझी पाचही बोटं मुठीत धरली. मी तीनवर आलो. त्यानं पुन्हा पाच. हात म्हाताऱ्याचा, पण सुटेना.

"सोडा चाचा, खेळ नका करू."

त्यानं दुसऱ्या हातानं गळ्याचा मफलर बाजूला केला. कानाखाली सुजलेल्या मानेवर पट्टी होती. "माझ्या बी नसांतच निघालं होतं. मी निम्म्यातून उठून घरी गेलो. लई शाना ना मी! ईदपतोर मानंत आलं. तुमचं येईलच असं न्हाई म्हनत. पर आलं तर त्यो आजार घासाघीस करू देत न्हाई, सेठ."

बायको पदर तोंडाला लावून रडत होती. ती गाडी आम्ही सोडली.

पुरा शेक घेतला. तोंड आतून सोलून निघालं. पाण्याच्या दर घोटाला खंडोबाला शिव्या घातल्या, पण एकही पाळी चुकवली नाही. चाचा दवाखान्यात दोनतीनदा दिसला, मग दिसेनासा झाला. जीभ गेली म्हणजे धंदा गेला असं मी धरून चाललो होतो. रुमालाखाली जीभ लागत नाही, हेही त्याच्याच हातानं आठवलं. त्याला खंडोबानं धाडलं का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझं भांडण वेगळं आहे. मला सांगायला चाचा होता, चाचाला सांगायला कुणीच का नव्हतं? हा व्यवहार मला पटलेला नाही, आणि देवाला मी तसं तोंडावर सांगितलंय.

तपासण्या आजवर ठीक आल्या. डॉक्टरीणबाई 'बरे झालात' म्हणत नाहीत, 'वेळेवर या' म्हणतात. यंदा माळेगावला गेलो, तो राग घेऊनच. गाभाऱ्यासमोर खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. मागून लोक "व्हा की पुढं" म्हणून ढकलत होते. मी एकही बोट हलवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा भाव समोरच्याला ठरवू दिला.