बुर्जीचा अर्धा गुण

टेकचंदभाऊंच्या घड्याळात दीड मिनिट उरलं होतं आणि ते हाताची घडी घालून बसले.

टेकचंदभाऊ गोंदियाजवळच्या गोरेगावचे धानाचे व्यापारी. रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा अधिकृत आकडा, त्यांना नव्हतंच. समोर नागपूरचा, एकोणीसशे रेटिंगचा पोरगा. हा शेवटचा डाव जिंकला की पहिला नंबर त्याचा. फोटोसाठी केस विंचरून झाले होते. पण भाऊंनी त्याचं शेवटचं प्यादं मारलं. त्याच्याकडे नुसता राजा, भाऊंकडे राजा आणि हत्ती. त्यानं राजा एक घर सरकवला आणि घड्याळाकडे बघत बसला.

"बाई, बुर्जी झाली. लिवा," भाऊ मला म्हणाले.

बुर्जी हा घरच्या बुद्धिबळातला नियम. समोर एकटा राजा उरला की डाव बरोबरीत. स्पर्धेत असलं काही नसतं.

मी पंच. सर्टिफिकेट नवं, आणि गोंदियाच्या मे महिन्यात अंगात ब्लेझर. माझ्याइतकी शहाणी बाई तेव्हा जिल्ह्यात दुसरी नव्हती. चालू डावात बोलायचं नाही, एवढं पाठ होतं. मी तोंडावर बोट ठेवलं.

भाऊंची वेळ संपली.

"टाइम. मी जिंकलो," पोरगा म्हणाला. मी लगेच पेन उघडलं.

"हरलो? काऊन? त्याच्यापाशी काहीच नाही राह्यलं न."

"वेळ संपली की हार. नियम आहे," मी म्हटलं. तहसीलच्या खिडकीतून म्हणतात तसं.

मुख्य पंच आलुबोंडा खात आले. पट बघितला, भाऊंचं ऐकून घेतलं.

"मॅडम, एकट्या राजानं मात करून दाखवता का?"

"नाही होत, सर."

"मग हा जिंकला कसा? वेळ संपली तरी समोरच्याकडे मात करायला मोहराच नसेल तर डाव ड्रॉ, दोघांना अर्धा अर्धा गुण. पुढचं पान उलटलंच नाही वाटते. आणि यांनी बुर्जी म्हटली, तर इथं ती नसते हे सांगायला कोणाची मनाई होती?"

"सर, ड्रॉ? इनसे?" पोरगा रडकुंडीला आला. "नागपुरात काय तोंड दाखवू?"

"राजा दाखव. तोच उरला आहे."

त्याचा पहिला नंबर गेला. फोटोत तो कडेला उभा आहे, केस मात्र छान. मी भाऊंना ऐकवलं, "खेळत राहिले असते तर जिंकले असते."

"एकट्या राजाच्या मांगं हत्ती घेऊन धावू? लोक हासतीन, बाई."

आता स्पर्धेआधी मी गावच्या खेळाडूंना सांगते, इथं बुर्जी नाही, खेळत राहा. नागपूरवाले गालात हसतात. मग त्यांनाही सांगते, एकटा राजा कोणाला हरवत नाही. ते त्यांना जास्त वेळ समजवावं लागतं.