आमोद पुराणिकची पहिली बेस गिटार

आमोद पुराणिक तसा सरळ माणूस. खराडीच्या एका कंपनीत बरी नोकरी, कर्वेनगरात फ्लॅट, बायको नम्रता आणि दहा वर्षांची मुलगी तनया. पण गेली काही वर्षं एका गोष्टीवरून त्याचं सगळ्या जगाशी वाकडं आलं होतं. त्याचं म्हणणं असं, की हल्ली लोक नीट बोलतच नाहीत. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, शब्द गिळतात आणि वर समोरच्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा करतात. त्यात बायका जास्तच, असं तो घरात म्हणायचा आणि नम्रताकडून व्हायचा तो सत्कार करून घ्यायचा.

ऑफिसात कुणी टेबलापाशी येऊन काही सांगू लागलं की हा हात वर करी. "मेलवर टाका. तोंडी कारभार नको." त्यामुळे कंपनीत त्याचा शिस्तीचा माणूस म्हणून लौकिक झाला होता आणि बढतीच्या वेळी साहेबांनी या गुणाचं चारचौघांत कौतुकही केलं होतं. शिस्त कसली डोंबलाची! त्याला ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट कंपनीला ठाऊक नव्हती, मित्रांना ठाऊक नव्हती आणि खुद्द आमोदलाही ठाऊक नव्हती.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. कॉलेजात असल्यापासून तो ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा. ढोल पोटात घुमतो, ताशा थेट कानात घुसतो. जून लागला की नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव सुरू. ताशेवाल्यांची ओळ पुढे, मागे ढोल, डोक्यावर पत्रा, आणि हे रोज संध्याकाळी थेट गणपतीपर्यंत. नवी पोरं पहिल्या दिवशी कानात कापूस घालून यायची. आमोद ताशेवाल्यांचा प्रमुख झाल्यापासून तो कापूस स्वतःच्या चिमटीने काढायचा. "ताशा सोसत नसेल तर ध्वज धर," म्हणायचा. पथकात कापसाला अब्रूच नव्हती. ज्यांचे कान दुखत ते गप्प बसत, आणि पुढच्या वर्षी नव्या पोरांना तेच ऐकवत.

तनया अगदी लहान असल्यापासून बापाबरोबर सरावाला जायची आणि त्याच्या डाव्या हाताला उभी राहायची. यंदा तिला ओळीत घेतलं होतं. पहिल्या दिवशी नम्रताने तिच्या कानांत नीट कापूस बसवून पाठवलं. शेडच्या दारात आमोदने सगळ्यांसमोर तो काढला आणि फेकून दिला. पथकाने टाळ्या वाजवल्या. तनयाची मान ताठ झाली. आमोदला तर पोरीचा इतका अभिमान वाटला की घरी येईपर्यंत त्याला हसू आवरेना.

बेस गिटारचं खूळ शिरलं ते त्याच दिवसांत. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमासाठी अभय साळवे आणि त्याचे मित्र काहीतरी बसवत होते. अभय बेस वाजवायचा. त्याच्या वडिलांची गायनपार्टी होती, त्यामुळे पोराचा हात लहानपणापासूनच वाद्यांवर बसलेला. एकदा काम आटपल्यावर आमोदने सहज म्हणून ती जाडजूड चार तारांची गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात वरची जाड तार छेडली.

सूर त्याच्या छातीत शिरला. गोल, भरघोस, कुठेही न तुटलेला. त्याने पुन्हा छेडली. साध्या गिटारी त्याने हाताळल्या होत्या. त्या त्याला नेहमी बसलेल्या घशाने गाणाऱ्या माणसासारख्या वाटायच्या. टीव्हीवरची गाणीही अलीकडे फिकी लागत. आणि इथे इतक्या वर्षांनी एक आवाज पूर्णच्या पूर्ण त्याच्यापर्यंत पोचत होता. त्याचे डोळे भरून आले. अभय बघतोय म्हणून त्याने चष्मा पुसला. आपल्याला एवढं भरून का यावं, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. खरं तर घाबरायची वेळ तीच होती.

"मला शिकायचंय," तो म्हणाला. "घ्यायची कुठली?"

"पाच तारांच्या नादी लागू नका सर, चार पुरे," अभय म्हणाला. "बसून बघा, उभं राहून बघा. गिटारची मान हातात मावते का बघा. वजन खांद्याला झेपतंय का बघा. रंगावर भाळू नका. आणि ज्याच्या कानावर तुमचा भरवसा आहे असं कुणीतरी बरोबर न्या."

"का? माझे कान काय गहाण पडलेत?"

अभय हसला, आमोदही हसला. पण शनिवारी नम्रताला कामं होती म्हणून तनया बरोबर निघाली, आणि अभयचा सल्ला आपसूक पाळला गेला.

पेठेतल्या एका गल्लीत श्यामसुंदरकाकांचं वाद्यांचं दुकान आहे. काका पंच्याहत्तरीचे. गिऱ्हाईक दिसलं की चेहरा वाकडा करायचा आणि मग त्याला तासभर सोडायचं नाही, अशी त्यांची रीत.

"वाजवायला हवी की भिंतीला टांगायला?" त्यांनी विचारलं.

आमोद त्यांच्या ओठांकडे बघत होता. अशी सवय त्याला कधी लागली हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. "वाजवायला, काका. नवशिका आहे."

"ते दिसतंच आहे."

पहिली आली ती लालभडक, चकचकीत, वजनाला हलकी. काकांनी ती अँप्लिफायरला जोडून दिली. आमोदने छेडली, मान हलवली, पुन्हा छेडली. "ही बसलेली आहे हो. खालच्या बारीक तारांना आवाजच नाही." तनयाने तोवर दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "बाबा, केवढी कर्कश आहे ही!" काकांनी आधी बापाकडे पाहिलं, मग लेकीकडे. दुसरी गिटार काढली. तिचीही तीच तऱ्हा. तिसरी, चौथी. आमोदला एकही पटेना आणि तो वैतागू लागला. हल्ली माल चांगला येत नाही, असंही एकदा बोलून झालं. काकांनी ते निमूट ऐकून घेतलं, आणि श्यामसुंदरकाका असं काही निमूट ऐकून घेतात हेच मुळात अशुभ लक्षण होतं.

शेवटी कोपऱ्यातली एक वापरलेली बेस त्यांनी खाली उतरवली. तपकिरी, जड, तारा जुन्या होऊन काळवंडलेल्या. आमोदने ती पोटाशी धरली, जाड तार छेडली आणि त्याचा चेहरा उजळला. लाकूड थरथरत होतं, ती थरथर बरगड्यांत उतरत होती. मान हातात मावत होती. "हीच," तो म्हणाला.

"थांबा," काका म्हणाले. "सगळ्यात बारीक तार पट्टीला घासून चरचरते हिची. आधी ती बघा, मग हीच म्हणा."

आमोदने बारीक तार छेडली. "कुठे चरचरते?"

"अहो, आत्ता चरचरली."

पुन्हा छेडली. "छे. स्वच्छ आहे."

"बाबा, काय रे!" तनया हसायला लागली. "माशी अडकल्यासारखी वाजतेय!"

काका हसले नाहीत. गिटारवर खालच्या अंगाला बटणं होती. त्यातलं शेवटचं आवाजाची धार कमी-जास्त करायचं. तनयाचा हात चुळबुळत तिथे पोचलाच होता. तिने ते पूर्ण इकडे फिरवलं, तार छेडली, पूर्ण तिकडे फिरवलं, परत छेडली. एकदा आवाज पातेल्यावर चमचा आपटावा तसा टणटणीत, एकदा गोधडीखालून आल्यासारखा. तिला मजा वाटली. "बाबा, डोळे मीट. मी फिरवते, तू ओळखायचं. टणटण की गोधडी?"

आमोदने डोळे मिटले. तार वाजली. "गोधडी," तो म्हणाला.

"चूक!" पुन्हा वाजली. "गोधडी." "चूक! नीट ऐक ना." पुन्हा वाजली. आता त्याने कान देऊन, श्वास रोखून ऐकलं. तोच एक गोल, जाड आवाज. तेवढाच. मग त्याने अंदाजाने उत्तर दिलं, आणि तनया खिदळत म्हणाली, "तू मुद्दाम चुकतोयस! चीटिंग!" ती खिदळतेय हे त्याला ऐकू आलं नाही. तिचं खिदळणं त्याला कळलं ते गिटारवर टेकलेल्या तिच्या हाताच्या हिसक्यांवरून.

तो डोळे मिटूनच बसला. एवढा घाबरला होता की डोळे उघडायचा धीर होईना. एवढी वर्षं लोक पुटपुटत नव्हते. एवढी वर्षं ते नीट बोलत होते. डोळे उघडले तेव्हा श्यामसुंदरकाका त्याच्याकडे बघत होते. या माणसाकडे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक टोमणा तयार असे, आणि आज त्यांच्याकडे एकही नव्हता. आमोदला त्याचीच जास्त भीती वाटली.

"हीच द्या," तो घाईने म्हणाला. "पट्टाही द्या."

परतीच्या वाटेवर बेस पाठीला लावून तनया स्कूटरवर मागे बसली होती. ती बोलत होती. नेहमीच बोलायची. तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर हलत होती, एवढंच त्याला कळत होतं, आणि सवयीने त्याच्या तोंडून "हं, हं" निघत होतं. डेक्कनच्या सिग्नलला थांबल्यावर हे त्याच्या लक्षात आलं. आजवर किती गोष्टींना आपण हं म्हटलंय? शाळेतल्या, मैत्रिणींच्या, तिच्या भांडणांच्या? तिने काय काय सांगितलं असेल? मागून कुणीतरी हॉर्न वाजवला असावा, कारण शेजारचा रिक्षावाला हातवारे करून त्याला पुढे जायला सांगत होता.

दुपारी जेवताना तनयाने दुकानातली गंमत रंगवून सांगितली. गोधडीचं नाव आलं तशी नम्रताच्या हातातली आमटीची पळी तिथेच थांबली.

"आमोद, वॉशिंग मशीन संपलं की वाजतं, ते तुला ऐकू येतं?" तिने सावकाश, त्याच्याकडे तोंड करून विचारलं.

"वाजतं? आपलं मशीन वाजतं?"

मशीन घेऊन बरेच दिवस झाले होते. नम्रताने पळी खाली ठेवली. मग तिने सरळ सांगितलं, की उद्या नाही तर परवा, पण कान दाखवायचे. तो नेहमीसारखा म्हणाला की सरावाचे दिवस आहेत, पथक माझ्यावर आहे, गणपती झाले की बघू.

"गणपती दरवर्षी येतात," नम्रता म्हणाली.

शेवटी मंगळवारी जायचं त्याने कबूल केलं. पण त्या संध्याकाळी सरावाला मात्र गेला, आणि तनयाही गेली. तिला अडवायचं त्याच्या मनातच आलं नाही. त्याच्या लेखी हे संकट त्याचं एकट्याचं होतं. ताशा गळ्यात अडकवून ती नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि पत्र्याखाली तो सगळा कल्लोळ सुरू झाला.

मंगळवारी तिघंही एरंडवण्यातल्या कानाच्या दवाखान्यात गेली. तनयाची शाळा अर्ध्या दिवसाची होती म्हणून ती बरोबर. आमोदला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग मध्ये मध्ये. मग काचेबाहेरच्या नम्रताला दिसलं की त्याचा अंगठा नुसता बटणावर टेकलेला आहे आणि तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा आवाज यायची वाट बघतोय. आत आवाज चालूच होते. नम्रताने तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलण्यात आडपडदा नव्हता. कागदावरची रेघ त्यांनी दाखवली. डावीकडून सरळ येत होती आणि मध्यावरून कड्यावरून खाली पडावी तशी पडली होती. "बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेलेत. बायकांचे, मुलांचे आवाज, शब्दांतले नाजूक उच्चार. खालचे शाबूत आहेत, म्हणून तुम्हाला बेस आवडली. गेलं ते परत येत नाही. आता उरलेलं सांभाळायचं." मग त्यांनी विचारलं, "मोठ्या आवाजात काम करता का?"

"ताशा वाजवतो," आमोद म्हणाला. ही दोन शब्दांची ओळख तो आजवर छाती फुगवून द्यायचा.

"कानात काही घालता?"

"नाही," तो म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि लिहू लागल्या. "कानात शिट्टी वाजते का? शांत बसलात की?"

"ती तर असतेच," तो म्हणाला. "सरावानंतर जरा जास्त."

बाईंचं पेन थांबलं, कारण पलीकडच्या खुर्चीवरून तनया काहीतरी म्हणाली होती. आमोदने तिचे ओठ हलताना पाहिले. मग त्याला नम्रता दिसली. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

तनया एकदा आईकडे, एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं.

"नम्रता, काय म्हणाली ती?"

नम्रता उठली, त्याच्यापाशी आली, वाकली आणि लेकीचं वाक्य तिने जसंच्या तसं, मोठ्या आवाजात, त्याच्या कानाशी पुन्हा म्हटलं.

"ती शिट्टी सगळ्यांनाच असते ना? माझी तर आता सकाळीसुद्धा थांबत नाही."