प्रेसिडेंटचा कोट

मी कोटाच्या शिवणीत ब्लेड घातलं आणि गिऱ्हाइकाने माझं मनगटच धरलं.

"नो," म्हणाला. म्हातारा माझ्याच वयाचा, पण पकड दणकट.

इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये आमचं आल्टरेशनचं दुकान आहे. मालकीण मानसी, पुण्याची. मी टेलर. शाळा चौथीत सुटली, इंग्रजी कामापुरतं. मानसी त्याच्याशी बोलली आणि मला म्हणाली, "काका, हे हाकोब साहेब. आर्मेनियन लोकांचं फुटून निघालेलं एक रिपब्लिक होतं, त्याचे हे प्रेसिडेंट. शपथ याच कोटात घेतली होती. रविवारी हॉलमध्ये त्यांच्या लोकांपुढे बोलायचंय. म्हणतात, हा अंगाला बसला तरच जाईन."

"होतं म्हणजे? आता कुठंय?"

"राहिलं नाही. जगात कुणी मानलंच नाही त्याला. शेवटी हरले. सगळे घरंदारं टाकून निघाले."

त्याने घालून दाखवला तेव्हा कोट अंगावर लोंबत होता. आमच्या धंद्यात कोट आत घ्यायचा, म्हणजे घट्ट करायचा, तर बाजूची जुनी शिवण आधी उसवतात. अस्तर मी उघडलंच होतं. आत मार्जिन असतं, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड. त्यावर सुईच्या भोकांच्या जुन्या रांगा होत्या.

तो एकेका रांगेवर बोट ठेवून सांगत गेला, मानसी मला मराठीत सांगत गेली. कोट शिवला तेव्हा हा भूगोलाचा मास्तर. पुढे खासदार झाला, घरोघरी जेवून पोट सुटलं, तेव्हा बायकोने कोट सैल केला. प्रेसिडेंट झाला, तिने शपथेच्या आदल्या दिवशी आणखी सैल केला. मग शत्रूने बाहेरून येणारा एकमेव रस्ता अडवला, दुकानं ओस पडली. प्रेसिडेंटच्या घरीही पाव वाटून खायचे. तेव्हा तिने आत घेतला.

"हे शेवटचे टाके तिच्या हातचे," मानसी हळूच म्हणाली. "त्या आता नाहीत."

मी ब्लेड खाली ठेवलं. माझी बायको सुमन गेल्या हिवाळ्यात गेली. माझ्या शर्टाला तिने लावलेलं बटण सैल झालंय. टेलर असून मी त्याला हात लावत नाही.

"काका, बाजू उसवायची नाही तर कसं जमणार? नाही म्हणून सांगू?"

"थांब गं. कोटाला पाठ असते ना."

पाठीच्या मधोमध एक शिवण असते. सगळं तिथूनच घेतलं तर खिसे मागे सरकतात, म्हणून तसं कुणी करत नाही. मी थोडं तिथून घेतलं, थोडं पुढची बटणं सरकवून. पहिल्या ट्रायलला कॉलर मानेपासून सुटली. तो आरशात बघून कोट उतरवायला लागला. मी कॉलर काढून पुन्हा बसवली. दुसऱ्या ट्रायलला त्याने खांदे मागे घेतले, आणि मला प्रेसिडेंट दिसला.

रविवारी मानसीने मला हॉलवर नेलं. तो स्टेजवर चढला आणि हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईने त्याला "प्रेसिडेंट" अशी हाक मारली, मग सगळ्यांनीच मारली. भाषणातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी स्टेजच्या कडेला उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत होतो. त्याने हात वर केला, एक सुरकुती नाही.

खाली उतरून तो सरळ माझ्याकडे आला. खिशांजवळच्या शिवणीवरून हात फिरवला. बायकोचे टाके जागच्या जागी होते.

"स्वीट ॲज," म्हणाला. इथले लोक झकास म्हणायला तसं म्हणतात, इथे येऊन तेवढं शिकला होता.

आधी उसवायचं हा धंद्याचा नियम चूक नाही. पण उसवण्याआधी टाका कुणाचा ते विचारावं.

माझ्या शर्टाचं बटण अजून तसंच आहे. पडलं तर खिशात ठेवीन.