पोटाची कातडी हातावर

कडबाकुट्टीच्या मशिनीत माझा डावा हात गेला. पुरता गेला नाही, पण पंजाच्या पाठीवरची कातडी सोलून निघाली. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं वाचवली आणि वर झाकायला कातडी हवी म्हणून हात सरळ माझ्या पोटाला शिवून टाकला. तीन आठवडे तसाच. "हातावर पोट असलेली मानसं लई पाह्यली," नवरा म्हणाला, "पोटावर हात शिवलेली तूच." या माणसाला चेष्टा कधी सुचेल, नेम नाही.

मला वेगळंच कोडं पडलं होतं. मी बारावी सायन्स. पेशी म्हणजे आमच्यासाठी परीक्षेतली आकृती: बाहेर पडदा, आत पातळसर द्रव, मधोमध केंद्रक. नावं द्या नि मार्क घ्या. आता त्याच पेशी, जित्याजागत्या, पोटावरून हातावर राहायला निघाल्या होत्या. जगणार कशा? डॉक्टरीणबाईंना विचारलंच.

"म्हणून तर शिवलाय," त्या म्हणाल्या. "पोटाकडून रक्त चालू आहे, म्हणजे त्यांचं खाणं आणि प्राणवायू चालू आहे. तोवर हाताकडून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतील. मग सोडवू."

मला पटलं. नव्या घरी पाण्याची सोय झाल्याशिवाय जुनं घर कोण सोडतं?

हात सुटला. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, मला कशाला हात लावू दिला नाही, वर डिंकाचे लाडू चारले. दिवाळी झाली आणि हाताची पाठ टम्म फुगली. "आतून पिकलाय गं बाई," म्हणत आत्याबाईंनी हळदीचा कढत लेप बांधला. मी निवांत टीव्ही बघत बसले. फडकं सोडलं तर खाली हा एवढा फोड! आणि मला पत्ताच नाही. आत्याबाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "माझ्या हातानं भाजलं की गं तुला!" त्या दिवसापासून त्यांनी माझ्या त्या हाताला बोट लावलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी लेपावरून झापलं. मग विचारलं, "वजन किती वाढलं?"

मला डिंकाचे लाडू आठवले.

"ही पोटाची चरबी आहे, बाई. त्या पेशींचं काम चरबी साठवायचं, हातावर आणल्या तरी त्या तेच करणार. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात साऱ्या शरीराची माहिती असते, पण पोटाची पेशी पोटापुरतीच वापरते. तुम्ही जाड झालात, तसा हातही झाला."

मला हसू फुटलं. माहेरच्या खोडी सासरी सुटतात होय!

"आणि चटका का कळला नाही?"

त्यांनी कागदावर एक लांब रेघ ओढली. "चेतापेशी वेगळ्या असतात. पेशीचं धड पाठीच्या कण्यापाशी आणि तिचा एक लांबलचक धागा थेट हातापर्यंत. तुमचे धागे तुटलेत. कडेनं हळूहळू आत वाढतील. मध्यापर्यंत पोचतीलच, असं मी सांगणार नाही. तोवर चुलीपासून जपा."

मी घाबरले. जिचा निम्मा दिवस तव्यापुढं जातो, तिला चटकाच कळू नये?

मग रोज दुपारी डोळे मिटून बसायचं नि काडीनं कडेपासून टोचत आत जायचं. एक एवढीशी पेशी कण्यापासून पंजापर्यंत हात लांबवते, याचं नवल वाटायचं. कडेला कळायचं, मध्ये सगळी सामसूम. मला राग यायचा. "चला की रे मुडद्यांनो, कुठं अडलाय?" असं मी माझ्याच हाताशी भांडायची. आत्याबाई दारातूनच बघायच्या.

यंदा तुरी निवडत ओसरीवर बसले होते. एकदम हाताला आगीसारखं काहीतरी झालं. "आई गं!"

आत्याबाई पदर सावरत धावत आल्या. फुगीर कातडीच्या बरोबर मधोमध लाल मुंगी डसून बसली होती.

"चावली!" मी ओरडले. "आत्याबाई, मधी चावली! कळलं मला!"

त्यांना आधी उमगलंच नाही. मग मुंगी झटकून त्यांनी भीत भीत बोट पुढं केलं आणि तिथंच टेकवलं.

"कळतं?"

"व्हय."

त्यांनी चिमटा काढला. "अन् हे?"

"आवो, दुखतंय की!"

"दुखू दे," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझा हात छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागल्या.