मिटलेल्या डोळ्यांसमोरची मूठ

आमच्या गावात मंगल कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कराटेचा क्लास चालतो. शिकवणारे दोघे सख्खे भाऊ. क्लास संपताना धाकटे सर डोळे मिटून उभे राहतात आणि मोठे सर सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या तोंडावर ठोसा मारतात. तो नाकापासून बोटभर अंतरावर थांबवायचा आणि समोरच्याने पापणी हलवायची नाही, हा तिथला रोजचा रिवाज.

काल लेकीला आणायला गेले, तर शेजारी उभी असलेली एक आई हळूच म्हणाली, "घराच्या वाटणीवरून दोघं कोर्टात गेलेत. आज तारीख होती. वकिलांशिवाय बोलत नाहीत म्हणे."

धाकट्या सरांनी नेहमीसारखे डोळे मिटले. सकाळी कोर्टात ज्याच्यावर भरवसा नाही असं सांगून यायचं, संध्याकाळी त्याच्याच मुठीसमोर डोळे मिटायचे, हे माणसाला कसं जमत असेल? आणि एवढा राग बोटभर जागेत थांबेल? मी लेकीच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

ठोसा सुटला आणि थांबला. धाकट्यांची पापणी हलली नाही. मोठ्यांना मात्र मूठ खाली घ्यायला बराच वेळ लागला.